ठिपक्याची जीभ आणि साहेबांचा शेरा

मी ठिपक्या बोलतोय. कुत्रा आहे. राजूरच्या बाजारात, भेळेच्या गाडीखाली जन्मलो आणि खिचडीच्या वासामागं चालत डोंगराकडच्या एका शाळेत पोचलो. खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाईंनी पातेल्याची खरवड माझ्यापुढं टाकली. तेव्हाच माझं नाव शाळेत लागलं, असं मी धरून चालतो.

सहावीला गोरक्षनाथ गुरुजी. त्यांचा वर्ग म्हणजे देवळाचा गाभारा. हाताची घडी, नजर फळ्यावर. गुरुजी धडा वाचत, पोरं न हलता ऐकत. निदान तसं दिसे. डोळे उघडे ठेवून झोपणं मला अजून जमलेलं नाही, त्या पोरांना जमतं. त्यांच्या दारात मला फार गाढ झोप लागायची.

मग शेजारी सातवीला भिंगारहून ग्रेस मॅडम आल्या आणि माझी झोपच उडाली. एका रखरखत्या दुपारी त्यांनी मलाच वर्गात बोलावलं.

"ठिपक्यानं जीभ का बाहेर काढलीय?"

"तहान लागलीय त्याला," रोहिणी म्हणाली.

"न्हाई मॅडम, उकडतंय त्याला," अजिनाथ म्हणाला.

"मी सांगणार नाही. तुम्हीच शोधा."

मला पाणी पाजलं. जीभ बाहेरच. मग सावलीत ओल्या पोत्यावर बसवलं. सगळा वर्ग माझ्या तोंडाभोवती गोळा! एवढा मान जन्मात मिळाला नव्हता. हळूहळू जीभ आत गेली.

"गेली! गेली!" अजिनाथ ओरडला.

रोहिणी ऐकेना. "पानी अंगी लागायला येळ लागतो. उद्या आदी पोत्यावर बसवू, पानी मागनं देऊ."

दारात तालुक्याचे साहेब उभे होते. मुलांचं अवधान तपासायला आले होते. ते खोकले. पुन्हा खोकले. कुणीही वळून पाहिलं नाही. सहावीनं मात्र त्यांना बघताच ताडकन उठून लांब सुरात नमस्ते म्हटलं होतं. साहेबांनी शेरा लिहिला : सहावीचं अवधान उत्तम. सातवीचं शून्य, वर्गात कोण आलं याचंही भान नाही.

"पण सर, मुलं शिकत होती," मॅडम म्हणाल्या.

"शिकत असतील हो. पण लक्ष कुठं होतं?"

मॅडमना अवधान वाढवण्याच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथं साहेब दिवसभर बोलले आणि शिक्षक दिवसभर मोबाईल बघत बसले. मॅडम परत आल्यावर हेडमास्तरांनी बजावलं, "पुन्हा असा शेरा आला, तर सातवी गुरुजींकडं देईन."

मॅडमनी तोड काढली. रोज एकानं दाराकडं बघत बसायचं, साहेब दिसले की सांगायचं. पहिल्याच दिवशी रोहिणी रडकुंडीला आली. "मॅडम, मला न्हाई तिकडं बघायचं. हितलं चुकतंय माझं!" दुसरंही कुणी तयार होईना. शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आता मी सातवीच्या दारात बसतो, तोंड फाटकाकडं करून. पण आत वाद पेटला की आधी माझे कान मागं वळतात, मग मानही वळते. माझा इलाज चालत नाही. म्हणून साहेब, पुढच्या खेपेला याल तेव्हा एक विनंती. फाटकातूनच जरा तुम्ही भुंका.