तुरीचं खुंट

मंजुश्रीला मुरूडचं स्थळ सांगून आलं ते तिच्या शिक्षणामुळं. "पोरगी नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला हाय," हे तिच्या वडलांनी, वैजनाथरावांनी, पाहुण्यांना फोनवर इतक्यांदा ऐकवलं, की घरातल्या कुणालाही ते पाठ झालं असतं. रविवारी पाहुणे येणार होते, म्हणून ती सुट्टी काढून घरी आली होती.

शुक्रवारी ती बापाला जेवायला बोलवायला रानात गेली. ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि ती नुकत्याच काढलेल्या तुरीच्या रानात तोंडावर पडली. विळ्यानं तिरकं कापलेलं खुंट खालच्या ओठातून आरपार गेलं, पार हिरडीला टेकलं. तिनं ओठ स्वतःच मागं ओढून घेतला, मोटारीच्या पाण्याखाली धुतला आणि ओढणी दाबून धरली. रक्त थांबलं, पण जिभेला आत काहीतरी टोचत होतं. घरी येताच ती बापाला म्हणाली,

"अण्णा, जळकोटला दवाखान्यात जाऊ. आत कुसळ राहिलंय. साफ करायला लागंल, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लागंल."

"टाका घालतील की," वैजनाथराव म्हणाले. "टाक्याचं तोंड घेऊन बसणार व्हय पाहुण्यांपुढं? लई शहाणपण करू नको."

तोवर गुणाबाई आत्या वाटीत हळद-चुना कालवून आली होती. मंजुश्रीनं परोपरीनं सांगितलं, की अशी जखम वरून बुजवायची नसते, घाण आतच कोंडते. आत्यानं हनुवटी धरली आणि बोटानं भोकात हळद-चुना दाबला. "तुझ्या आजोबाच्या पायात फाळ घुसला होता, तवा कोण नर्स आली होती गं?"

मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा जन्मभर लंगडत चालले, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण ओठच आत्याच्या चिमटीत होता. जळकोटची जीप रोज दारावरून जात होती. ती शनिवारीही उठून गेली नाही, आणि या गोष्टीचा तिला बापापेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला.

रविवारी ओठ टम्म सुजला होता. आत्यानं त्यावर लिपस्टिक फासली आणि पाहुण्यांना गांधीलमाशी चावल्याचं सांगितलं. पोह्यांच्या बशा फिरल्या, नाव विचारून झालं, किती भाऊ-बहिणी ते विचारून झालं. मग मुलाचे काका, दयानंदराव, जरा सावरून बसले. पोरीला खरंच काही येतं का, हे बघायचं त्यांच्या मनात होतं.

"आता तुरीची काढणी चाललीय. समज, रानात कुणाला खुंट घुसलं. काय करशील?"

मंजुश्री बापाकडं बघत बोलली. शब्द सुजेतून कसेबसे बाहेर पडत होते.

"स्वच्छ पाण्यानं धुवायचं. कापड दाबून रक्त थांबवायचं. आत तुकडा राहिला असंल तर खुपसाखुपशी करायची न्हाई, डॉक्टरकडं न्यायचं. हळद, चुना, काही भरायचं न्हाई. इंजेक्शन त्याच दिवशी घ्यायचं. सूज वाढली, ताप आला, पू झाला, तर एक दिवसही थांबायचं न्हाई."

"वा!" दयानंदराव खूश झाले. वैजनाथरावांची छाती फुगली. तेवढ्यात लिपस्टिकखालून पिवळा पू ओघळला आणि हनुवटीवर आला. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. जाताना ती म्हणाली, "ओठाचं काय ते नीट होऊ द्या, मग बघू." पुढं मुरूडहून फोन काही आला नाही.

सोमवारी मंजुश्रीला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठं लातूरचा दवाखाना आठवला. डॉक्टरांनी ओठ उघडला, हळदीचा चिखल काढला, आणि शेवटी चिमट्यानं तुरकाठीचं कुसळ ओढून ट्रेमध्ये टाकलं. खूण कायमची राहील, म्हणाले.

"साहेब, जरा ध्यान देऊन करा," वैजनाथराव म्हणाले. "पोरगी नर्सिंगला हाय."

डॉक्टरांचा हात थांबला. "नर्सिंगला? आणि तीन दिवस हे असं बुजवून बसली? हिला एवढंही कळलं नाही?"

"व्हय की साहेब," वैजनाथरावांनी मान हलवली. "मी बी तेच म्हणतोय."

मंजुश्रीचं तोंड कापसाच्या बोळ्यांनी भरलेलं होतं.