टोकाला पुंजा बसलाय

या मित्रांनो, बसा. पण कधी बाकावर बसलात तर मधोमध बसा, टोकाला नको. मी नाशिकच्या भाजीबाजारातला एक जुना बाक आहे, आणि माझ्या टोकाला बसलेल्या माणसांचं काय होतं, तेच सांगायला मी तोंड उघडलं आहे. एरवी आम्हा बाकांनी बोलायची रीत नाही. आमच्यावर बसून इतकं बोललं जातं की आमची पाळी येतच नाही.

माझा जन्म आंब्याच्या एका फळीतून झाला. ज्या वाल्मीक सुताराने मला घडवलं, त्याला माझ्या दोन्ही टोकांना लाकडाच्या गाठी सापडल्या. गाठीत खिळा शिरेना. मग त्याने पाय जरा आतल्या बाजूला ठोकले आणि "काय फरक पडतो" असं म्हणाला. देशातली बरीच कामं याच वाक्यावर पूर्ण होतात. फरक इतकाच पडला की माझ्या एका टोकाला माणूस असला आणि दुसऱ्या टोकाचा अचानक उठला, की मी उलटतो आणि उरलेला माणूस ताटासकट जमिनीवर येतो.

त्यामुळे चिमणाबाईंच्या भाकरीच्या टपरीसमोर एक रीत पडली. उठण्याआधी "उठतो हो" म्हणायचं. मग दुसऱ्याने पाय रोवायचे. कांद्याचे व्यापारी, हमाल, कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बाया, सगळे हे पाळत. कधी कधी मला वाटे, घरी बायकोला न सांगता निघणारी माणसं माझ्यावरून मात्र सांगून उठतात.

पुंजा हमाल तर कधीच चुकत नसे. तो हरसूलकडचा होता. पहाटेपासून पोती वाहायचा आणि ऊन चढलं की माझ्या डाव्या टोकाला येऊन बसायचा. बाजरीची भाकरी, शेवभाजी, ठेचा. बोलणं कमी. चिमणाबाई म्हणायच्या, "पुंजा, तोंडात दात हायेत का नाय, कधी दावशील?" तो भाकरी चावून दाखवायचा.

एका सकाळी त्याची पहिली भाकरी संपली. त्याने दुसरी मागितली. चिमणाबाई म्हणाल्या, "बस, गरम देते." त्या तव्याकडे वळल्या. परत वळल्या तेव्हा पुंजा मागच्या खांबाला टेकून गेलेला होता. इतका मुकाट की शेजारच्याने त्याच्याकडे मीठ मागितलं.

चार जणांनी त्याला उचलून नेलं. त्या वेळी माझ्या उजव्या टोकाला बटाट्याचा एक जाडजूड दलाल बसला होता. गडबडीत पाय रोवायचं त्याला सुचलं नाही. मित्रांनो, त्या क्षणी मी उलटायला हवं होतं. मी उलटलो नाही. डाव्या टोकावरचं वजन जसं होतं तसंच होतं.

वजन हा माझा विषय आहे. त्यात माझी चूक होत नाही. शरीर गेलं होतं. माणूस उठला नव्हता.

माझ्याखेरीज हे एकट्या चिमणाबाईंनी पाहिलं. त्यांनी दलालाकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी त्या टोकाला ठेवू लागल्या. गेलेल्याला पहिलं द्यायचं, ही आपल्याकडची रीत. ताटलीतल्या भाकरीची वाफ टेकताक्षणी विझायची, फुंकर घातल्यासारखी. मग दिवसभर ती तशीच असायची आणि संध्याकाळी कुत्र्याला जायची. थंडीत माझी सगळी फळी गार पडे, तेवढी वीतभर जागा मात्र कोमट. तिथे कुणी बसू लागलं तर चिमणाबाई हाताने अडवायच्या, "तिथं नगं. माणूस बसलंय."

मग वेदिका आली. गंगापूर रोडची मुलगी, हातात काठीवर फोन. बाजारात कुठे खावं हे ती लोकांना सांगत असे.

"आजी, इथे कोण बसलंय?"

"पुंजा."

"कुठे गेलेत ते?"

"वारला."

वेदिकाचे डोळे असे चमकले की मला वाटलं, तिला भाकरीची चव कळली. तसं नव्हतं. तिने माझ्या डाव्या टोकाचा अगदी जवळून फोटो घेतला. आठवड्याभरात अख्ख्या नाशकाला कळलं की भाजीबाजारात एका बाकावर भूत जेवतं.

गर्दी उसळली. देवळालीपासून लोक आले, सहकुटुंब आले. चिमणाबाईंचा मुलगा महेश, जो इतकी वर्षं "आई, लोक हसतात" म्हणत होता, त्याने पाटी रंगवून आणली: 'येथे भूत जेवते. चव तीच.' चिमणाबाई ओरडत राहिल्या आणि लोक पुंजाच्या मांडीवर बसून फोटो काढत राहिले. हिवाळ्यात इथे ऊबदार लागतं, अशी एकाने तारीफही केली. खाली पुंजा बसलेला. दबलेला, मुकाट, दुसऱ्या भाकरीची वाट बघत.

त्यातच बाजाराचं नूतनीकरण निघालं. टपऱ्या नव्या हॉलमध्ये जाणार, तिथे स्टीलची टेबलं. महेश म्हणाला, बाकडं फेकायचं नाही, ते आपलं नाव आहे. दिवे लावून भिंतीवर टांगायचं.

"भिंतीवर?" चिमणाबाई म्हणाल्या. "मग त्यो बसंल कुठं?"

"आई, तो मेलाय."

"मला नगं सांगू. मीच 'बस' म्हनले त्याला."

टांगायला मिस्त्री यायचा होता त्याच सकाळी एक बाई आली. पायात हरसूलची लाल माती, डोक्यावर घट्ट पदर. शेजारच्या पोराच्या फोनवर तिने माझा फोटो पाहिला होता, खाली पुंजाचं नाव. ती भागीबाई, पुंजाची बायको. नवरा रोज कुठे जेवायचा हे तिला त्या फोटोतून कळलं होतं.

"त्यो बसून हाय म्हनत्यात," ती म्हणाली. "खरं का?"

चिमणाबाईंनी तिला माझ्यावर मधोमध बसवलं. सगळं सांगितलं, खांबासकट. शेवटी म्हणाल्या, "पर त्याला उपाशी नाय ठेवला, बाई. रोज पहिली भाकरी त्याची. एक दीस चुकले नाय."

भागीबाईने ताटलीतल्या विझलेल्या भाकरीकडे पाहिलं.

"पहिली तर त्यानं खाल्ली व्हती ना?" ती म्हणाली. "त्यानं दुसरी मागितली व्हती."

चिमणाबाईंचा हात पिठात तसाच राहिला. रोज त्या बिचाऱ्याचं जेवण पहिल्यापासून सुरू होत होतं आणि अर्ध्यावर थांबत होतं. भरल्या पानावरून माणसाला उठवू नये म्हणतात. आणि अर्ध्या पानावरून माणूस स्वतःहून उठत नाही. वाढणारीने 'बस' म्हटलेलं असलं तर नाहीच नाही.

त्यांनी ताटलीतली पहिली भाकरी उचलून भागीबाईच्या हातात दिली. दुसरी थापली. त्या थापण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, सावकाश, कडा सांभाळत. पापुद्रा फुगला. चिमणाबाई स्वतः घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी ती माझ्या डाव्या टोकाला ठेवली.

"घे रं पुंजा. लय थांबवलं तुला."

या वेळी वाफ विझली नाही. ती हळूहळू कमी होत गेली, माणूस जेवत असताना होते तशी. नवरा-बायको शेजारी बसून जेवत होते. भागीबाईने मान वर केली नाही, पण ठेच्याची वाटी अर्धी त्या बाजूला सरकवली.

महेश उजव्या टोकाला बसून फोनवर मिस्त्रीला दिव्यांचे रंग सांगत होता. जेवण आटोपून भागीबाई हात धुवायला उठली.

"पिवळे लावा, पिवळे," महेश म्हणाला. मग थांबला. मान वळवून म्हणाला, "काय? कोण उठतो म्हणालं?"

आणि मी उलटलो.

महेश कोबीच्या पाल्यात उताणा पडला. बाजार खदखदून हसला. हसल्या नाहीत फक्त दोघी. भागीबाईने ओल्या हातांनी माझं डावं टोक चाचपलं. ते गार होतं.

मित्रांनो, आता मी नव्या हॉलच्या भिंतीवर आहे. वर पिवळे दिवे, खाली पाटी तीच. लोक स्टीलच्या खुर्च्यांवर बसून भुताची वाट बघतात. मला तुमच्याकडून पॉलिश नको. एवढंच करा, कुणाला 'बस' म्हणालात तर वाढायला विसरू नका. आणि त्याने काय मागितलं होतं तेही नीट आठवा. आपल्या रितीला जे बरं वाटतं, तेच त्याच्या पुढ्यात सारू नका.

महेश अजूनही म्हणतो की त्या दिवशी त्याने काही ऐकलं नाही. पण संध्याकाळी हॉल रिकामा झाला, की शेवटच्या खुर्चीवरून उठताना तो इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "उठतो हो."