वरच्या पेटीचे उपकार

"मशीन माझं, पेटी माझी, आणि दुसऱ्याचं बुडालं त्याचा भुर्दंडही माझ्याच बोकांडी? सही करत नाही मी. जा, काय करायचं ते करा."

लाँड्रीवाल्यानं पेन टेबलावर आपटलं. टोपण उडालं ते थेट एजंटबाईंच्या चहात. बाईंनी ते चमच्यानं काढलं, पुसलं आणि परत पेनाला लावलं. बोट कंपनीच्या त्या हापिसात रोज असले दोनतीन भेटत असणार त्यांना.

त्याला गल्लीत भडकू म्हणायचे, उगाच नाही. पण आज त्याच्या डोक्यात ताईचे हात होते. लाँड्रीचं जुनं मशीन मेल्यापासून इस्पितळाच्या चादरींचे ढीग ताई हातानं धूत होती. बोटं सोलवटून लाल झाली होती, तरी विचारलं की म्हणायची, काही नाही रे. नवीन मशीन बोटीतनं येऊन गोदीत पडलं होतं, ट्रक खाली उभा होता, आणि सगळं एका सहीवर अडलं होतं.

झालं होतं असं. बोट येताना वाळूच्या दांड्यावर रुतली. वारं चढत होतं, तशीच राहिली असती तर मोडलीच असती. मग कप्तानानं वजन कमी करायला वरच्या थरातल्या पेट्या समुद्रात ढकलल्या. बोट सुटली, बाकीचा माल सुखरूप आला. आणि समुद्राचा फार जुना कायदा सांगतो, की सगळ्यांना वाचवायला ज्याचा माल मुद्दाम फेकला, त्याची भरपाई वाचलेल्या सगळ्यांनी मिळून करायची. ज्याचा जेवढा माल तेवढा त्याचा वाटा, बोटमालकाचासुद्धा. तसं लिहून दिल्याशिवाय पेटी गोदीबाहेर हलत नाही.

बाईंनी पुन्हा समजावलं. तुमचा विमा आहे, वाटा विमा कंपनी भरणार, त्यांची हमीही आलीय, राहिलीय फक्त तुमची सही. हा विमा ताईनं परस्पर उतरवला होता, आणि तेव्हा यानं, पैसे काय वर आलेत का, म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. ते आठवलं तसा तो अजूनच चिडला. माणूस आपलं चुकलंय हे कळलं की जास्तच ओरडतो.

"पैसे कोणाचे का असेनात," तो म्हणाला. "मी काय गुन्हा केला? ज्याची पेटी बुडाली, त्यानं नीट जागा बघून ठेवायची होती."

"जागा मी नव्हती बघितली," मागच्या बाकावरनं आवाज आला. "बोटवाल्यांनी दिली."

मागे एक म्हातारे काका बसले होते, मांडीवर रिकामी पिशवी. ते शिवणाच्या दोऱ्याचे व्यापारी होते. बाईंनी बोटीतल्या मालाचा नकाशा टेबलावर सरकवला आणि एका जागी बोटानं दाखवलं. एकावर एक दोन चौकोन. वरचा काकांच्या दोऱ्याचा, खालचा मशीनचा.

"जड खाली, हलकं वर, असंच भरतात," काका म्हणाले. "तुमचं मशीन जड, म्हणून राहिलं. माझा दोरा हलका, म्हणून गेला. आता मासे शिवणकाम शिकत असतील."

कोणी हसलं नाही, तर तेच जरा हसले.

लाँड्रीवाल्याचे कान तापले. त्यानं हळूच विचारलं, काका, तुमचा विमा? नव्हता. चार पैसे वाचवायला गेलो, काका म्हणाले, आणि सगळी पुंजी पाण्यात. हिशोब लागून भरपाई हातात पडायला वर्ष लागेल नाहीतर दोन, पण पडेल तरी. हा कायदा नसता तर दुकानाचं शटर कायमचं खाली आलं असतं. "मी तर देवाच्या आधी त्याला हात जोडतो," ते म्हणाले. "आणि सही करणाऱ्या प्रत्येकाला."

लाँड्रीवाल्यानं पेन उचललं. चहानं चिकट झालं होतं. बाईंनी दाखवलं तिथं तिथं त्यानं मुकाट्यानं सह्या केल्या. बाईंनी शिक्का मारून सुटकेची चिठ्ठी हातात दिली, तर त्यानं त्यांना आधी सॉरी म्हटलं, मग थँक्यू, आणि दोन्ही एवढ्या घाईत की बाईंना हसू आलं.

मग तो काकांसमोर जाऊन उभा राहिला. शिव्या याच्या तोंडात तयार असायच्या, आभारच कधी जमायचे नाहीत. शेवटी म्हणाला, इस्पितळाच्या फाटक्या चादरी आमची ताईच शिवते, ढिगानं दोरा लागतो. तुमचा नवा माल आला की सगळा तुमच्याकडनंच घेणार.

"उधारी मागू नका म्हणजे झालं," काका म्हणाले.

"नाही मागणार." तो वाकला आणि पटकन काकांच्या पायांना हात लावला. काका अहो अहो म्हणून पाय मागे ओढायला लागले. "काका, तुमची पेटी वर नसती ना, तर आमची ताई अजून..."

खालनं ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात दाबूनच ठेवला.

"जातो काका. ताई वाट बघतेय, आता निघायलाच पाहिजे."