आप्पासाहेबांचं कपाळ

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तरी मनकर्णाबाईंच्या भिंतीवरचा खिळा रिकामाच होता. फुलंब्रीत घरोघरी गेलेल्या माणसाचा फोटो असतो. पण बाईंच्या नवऱ्यानं, आप्पासाहेबांनी, जन्मात फोटो काढू दिला नाही. कॅमेरा दिसला की स्वारी गोठ्याकडं चालू लागायची. आता हार घालायचा तरी कशाला, या काळजीनं बाईंना घास गोड लागत नव्हता.

बरं, घरात चित्रकार नाही म्हणावं, तर थोरला लेक सदाशिव देशभर नावाजलेला. पोरवयात त्यानं औरंगाबादेत गुलमंडीवर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. तेव्हा त्यानं तहसीलदाराचं चित्र काढलं, तर शिपाई चित्रालाच सलाम ठोकून गेला म्हणतात. निम्मं खोटं असेल, पण चित्र हुबेहूब होतं. मग तो अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत बसला आणि त्याच्या चित्रांतल्या बायांचे डोळे कानापर्यंत लांबले. पुढं मुंबईला माणसं निळी झाली, नाकं गालावर सरकली. ते बघून मनकर्णाबाईंनी मीठमोहऱ्या घेऊन पोराची दृष्ट काढली होती. शेवटी माणसं निघूनच गेली, नुसते रंग उरले, आणि नेमकं तेव्हाच दिल्लीवाल्यांनी बोलावून त्याचा सत्कार केला. माणसं काढायचा तेव्हा उपाशी आणि काहीच काढेना तेव्हा मोठा, हा हिशेब बाईंना कधी उलगडला नाही.

तरी त्यांनी धाकट्या पुंजारामाकरवी वर्षापूर्वीच निरोप धाडला होता, की बापाचं चित्र काढ, पण तुझ्या पहिल्या, पाट्या रंगवायच्या वेळच्या हातानं काढ. सदाशिव हो म्हणाला होता.

श्राद्धाच्या सकाळी तो जीपमधून उतरला तो धोतरात गुंडाळलेली भलीमोठी चौकट घेऊनच. पुंजारामानं ती खिळ्याला लावली आणि तिच्यावरचं धोतर सोडलं. सगळीकडं तांबूस माती पसरल्यासारखा रंग, मध्येच एक पांढरा तिरका पट्टा, बाकी काही नाही. शेजारच्या कडूबानं मान तिरकी करून पाहिली, मग दुसरीकडं तिरकी केली. भटजी खाकरले. मनकर्णाबाईंना कळेना की रडावं, हसावं की पोराच्या मुस्काटात मारावी. तो थट्टा करणारा नव्हता. मग दिल्लीच्या लोकांना जे दिसतं ते आपल्याच डोळ्यांना दिसत नाही की काय?

पहिलं गंध मनकर्णाबाईंनी लावावं, असं धाकटे दीर काकासाहेब म्हणाले. बाई वाटी घेऊन उभ्या राहिल्या. बोट गंधात बुडवलं आणि ते तसंच हवेत राहिलं.

"सदाशिवा," त्या म्हणाल्या, "ह्यात कपाळ कुठंय?"

सदाशिव आधी चित्राकडं, मग जमिनीकडं बघत राहिला. "वरीसभर तेच हुडकत व्हतो, आई. तोंड काढलं की दुसऱ्याचंच निघायचं. आप्पांपुढं मान वर करून कधी बघितलं का म्या?" त्यानं झोळीतून कोळशाची कांडी काढली. "तू सांग. कपाळ रुंद व्हतं का बारीक? भुवया कशा व्हत्या? तू सांगशील तसं आत्ताच्या आत्ता काढतो, ह्याच्यावरच."

सगळ्यांच्या नजरा बाईंकडं वळल्या. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि डोळे मिटले. पागोटं आठवलं. खोकला आठवला. पण पागोट्याखाली चेहरा काही येईना. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासूसासरे, थोरले दीर. नवरा ओसरीवर आला की पदर नाकापर्यंत आणि नजर खाली. पुढं वडीलधारे गेले, पण नजर काही वर झाली नाही. शेवटच्या दुखण्यातसुद्धा बाई पायथ्याशीच बसून होत्या. आत्ता मिटल्या डोळ्यांपुढं आले ते पाय. भेगाळलेल्या टाचा, उजव्या अंगठ्याचं काळं नख, पोटरीपर्यंत वाळलेला चिखल. सगळं लख्ख. वर्षभर ज्या चेहऱ्यासाठी पोराच्या मागं लागलो, तो आपल्यालाही ठाऊक नाही, हे कळल्यावर बाईंना लाजही वाटली आणि भडभडूनही आलं. एवढा संसार केला तो कुणाशी?

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

आणि खाली बसून त्यांनी चौकटीच्या तळाशी, त्या तांबूस रंगावर, शेजारी शेजारी दोन बोटं गंध लावलं आणि तिथंच डोकं टेकवलं.