चाकाचा आऊट

“पडद्याच्या मधल्या पेशी मरताहेत,” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डोळ्याला प्राणवायू फार लागतो. वर दिवसभर उजेडाचा मारा. त्यातूनच पेशी आतून खराब होतात. तरुणपणी शरीर ते निस्तरतं, आता त्याला झेपत नाही.”

“म्हणजे गंज,” सायकलवाला म्हणाला.

“तसंच समजा. पण गंज घासता येतो, मेलेली पेशी परत येत नाही. उरलेल्या जपा. सिगारेट सोडा, धुराने हे भराभर वाढतं.”

यावरून बायकोने जन्मभर त्याचं डोकं खाल्लं होतं. ती गेली तरी सिगारेट सुटली नव्हती. त्याने पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या बादलीत टाकलं. “या रोगाला माझ्या खिशातून मदत मिळणार नाही.”

दुकानात त्याची मुलगी कुलूप घेऊनच बसली होती. परवा त्याने दूधवाल्याच्या सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला घेतला, पण नजरेच्या मधोमध धुरकट डाग. चाक वाकडंच राहिलं. दूधवाला कोपऱ्यावर आपटला, कोपर फुटलं.

“बाबा, बस झालं. उद्या कुणाचं डोकं फुटेल.”

“खरंय. तेच चाक पुन्हा करतो. चुकलं तर कुलूप तूच लाव.”

त्याने सायकल स्टँडला लावली आणि स्वतःचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“काका, भिंत दुरुस्त करताय का?” कोपराला पट्टी बांधून तिथेच थांबलेला दूधवाला म्हणाला.

“गप रे. सरळ बघितलं की चाक नाहीसं होतं, कडेने दिसतं.” मग मुलीला म्हणाला, “तुझ्या आईच्या फोटोवरून कळलं. तिच्याकडे बघितलं की चेहरा गायब, वरच्या खिळ्याकडे बघितलं की हजर. हयातीत तरी समोरून कधी हाती लागली होती!”

मुलगी हसली नाही. त्याने एकेक स्पोक आवळला, सैल केला, चाक फिरवलं, परत पाना लावला. खूप वेळ लागला. शेवटी रिम ब्रेकच्या रबरांमधून कुठेही न घासता फिरू लागली.

दूधवाला त्याच कोपऱ्यावरून वळसा घालून आला. “लोण्यासारखी चालतेय, काका.”

मुलीने कुलूप दाराच्या कडीला नुसतं अडकवलं.

“रात्री लावेन. पण इथून जाणारं प्रत्येक चाक आधी मी बघणार.”

“बघ की. फक्त माझ्या समोर उभी राहू नकोस, दिसत नाहीस. बाजूला हो. हं, आता दिसलीस. आईसारखीच चिडलीयस.”