एकाच भेगेचं पाणी

थोरलीच्या परसात सकाळपासून सळया ठोकणं चाललं होतं. पाणी शोधायला आलेली बाई वयानं तिच्या सुनेएवढीच. दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, ती खाली किती अडते ते यंत्रावर बघायचं, मग तारा आणखी लांबवायच्या. सारी वरची वस्ती कुंपणाला टेकून बघत होती.

दुपारी बाईनं थोरलीला बाजूला घेतलं.

"मावशी, पाणी आहे. तुमच्या गोठ्यामागंच. खाली खडकाला खोल भेग आहे. पण तीच भेग उतारानं पुढं जाते. खालच्या वस्तीचा झरा तिच्यावरच जगतोय. इथं बोअर मारली तर तो आटेल, असं मला वाटतं."

थोरलीनं उताराकडं पाहिलं. तिची धाकटी बहीण खालच्याच वस्तीत दिलेली.

"नक्की आटेल?"

"जमिनीखालचं छातीठोक कुणीच सांगत नाही. पण मला विचाराल तर मारू नका."

वस्तीच्या प्रमुखानं ते उडवूनच लावलं. "बाईलाच खात्री नाही! जमीन तुमची आहे, वहिनी. तुम्ही हो म्हणा, मशीन मी आणतो."

थोरलीनं घरात पाहिलं. सून भिंतीकडं तोंड करून निजली होती. लांबच्या नदीतून पाणी आणताना ती चढावर घसरली. हंडा गडगडत गेला आणि पोटातलं लेकरूही गेलं. तेव्हापासून ती कुणाशी धड बोलत नव्हती.

"आणा मशीन," थोरली म्हणाली.

पाणी लागलं, बोअरवर हातपंप बसला. लोक नाचले. सूनही हसली. बहिणीच्या कानावर घालायला हवं, उद्या खाली जाऊन येऊ, असं थोरली रोज म्हणायची. तो उद्या काही उजाडला नाही.

उन्हाळ्यात झरा आटला. एका सकाळी धाकटी रिकामी कळशी घेऊन हातपंपाशी आली, तर रांगेतल्या बायकांनी तिला हटकलं. थोरली धावत गेली आणि स्वतः पंप मारून तिची कळशी भरू लागली.

"कसं गं झालं हे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

धाकटी शांतपणे म्हणाली, "ताई, ती यंत्रवाली बाई झरा बघायला आमच्याकडंही आली होती. सगळं सांगून गेली. आमची माणसं भांडायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा, माझी बहीण आहे ती. आधी मला विचारायला येईल."

थोरली पंप मारायची थांबली.

"आटपा, मागं रांग आहे!" कुणीतरी ओरडलं.

धाकटीनं अर्धीच भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि उतार धरला. पाऊस यायच्या आत खालची वस्ती उठली. माणसं कुठं पांगली, ते थोरलीला कुणी सांगितलं नाही.