तळहातावर उभा राहिलेला नारळ

मी नारळ बोलतोय. जन्म कोकणातला. ट्रकमधून घाट चढून बारामतीच्या बाजारात आलो. देवापुढं फुटायचं हेच आपलं भाग्य, असं मी धरून चाललो होतो. पण मला विकत घेतलं हिंदुरावांनी, आणि एका सकाळीत मी ज्ञानी ठरलो!

हिंदुरावांचं रान पिंपळीला, कालव्याच्या वरच्या अंगाला. खाली उसाला पाणीच पाणी, आणि इथं डाळिंबाची पानं गळायला लागलेली. गेल्या साली घेतलेल्या बोअरमधून नुसता फुफाटा निघाला. आता दुसरीही कोरडी गेली, तर बाग हातची जाणार होती. म्हणून त्यांनी पाणाड्या बोलावला, म्हस्कूतात्या.

तात्यांनी मला तळहातावर आडवं ठेवलं आणि अनवाणी चालू लागले. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राहतो, अशी आमची ख्याती. लिंबाच्या झाडापाशी त्यांची बोटं किंचित वळली आणि मी ताठ उभा. हिंदुरावांनी चक्क मला हात जोडले. खरं सांगतो, मला जमिनीखालचं ओ की ठो कळलं नव्हतं. पण फुकटचा मान कुणाला नको असतो? मी शेंडी वर करून तसाच राहिलो.

"कशावरून?" सून राजलक्ष्मीनं विचारलं. हा प्रश्न ती भाजीवाल्यालाही विचारते आणि ज्योतिषालाही. तात्यांच्या डोळ्यांवर उपरणं बांधून पुन्हा चालवून बघू, असं तिनं सुचवलं. सासूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, डोळे वटारले. तात्या मात्र लगेच राजी झाले. माणूस लबाड नव्हता, त्यांचा माझ्यावर खरोखरच विश्वास होता.

या खेपेला लिंबापाशी मी आडवाच. पुढं जाऊन बोटं वळली आणि मी उभा राहिलो, तो थेट गेल्या सालच्या कोरड्या बोअरशेजारी. आधी प्रयागबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांना. उपरणं सोडून तात्यांनी खाली बघितलं, तेही हसले.

हिंदुराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "तात्या, तुमाला ठावं हाय, का नुसतं वाटतंय?"

तात्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "वाटतंय, हिंदुराव. आजवर मला ठावं हाय, असंच वाटत हुतं."

असं बोलायला छाती लागते. मला त्या म्हाताऱ्याचा फार अभिमान वाटला.

बोलावून ठेवलेली बोअरची गाडी परत पाठवली. आधी आजूबाजूच्या विहिरींचं पाणी बघायचं, भूजलाची पाहणी करणाऱ्याला आणायचं, असं ठरलं. विहिरी दाखवायला तात्याच पुढं झाले. पाणी लागेल की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. पण आपल्याला ठाऊक नाही, एवढं तरी आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि मी? चटणीसाठी स्वयंपाकघरात आलोय. एकच विनंती आहे. उद्या त्या लिंबापाशीच पाणी लागलं, तर "नारळानं सांगितलं हुतं" असं म्हणू नका. बरोबर ठरणं निराळं, ठाऊक असणं निराळं.

प्रयागबाईंनी मला उचललं, कानाशी धरलं, खुळखुळ हलवलं आणि नीट ऐकलं. "पाणी हाय," त्या म्हणाल्या आणि कोयता घेतला.

आता कसं! फोडा, प्रयागबाई, खुशाल फोडा.